तिच्या झोपेची राखण

सूनबाईला हॉस्पिटलात रात्रपाळी मिळाली तेव्हा तिला झालेला आनंद लपवता लपवता तिची तारांबळ उडाली होती. नवऱ्यासमोर म्हणाली, "काय करणार, रात्रीचीच जागा रिकामी होती." पण माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन हळूच बोलली, "आई, रात्री तिथं डोक्यावर कुणी बसत नाही हो. चार बायका, गरम वाफ आणि काम. बास."

तिचं काम तळघरात. ऑपरेशनची हत्यारं वरून येतात, ती धुवायची, पुसायची, मोजून एकेक संच कापडात बांधायचा, वर चिकटपट्टी लावायची आणि वाफेच्या मोठ्या मशीनमध्ये ठेवायचा. त्या पट्टीवर फिकट रेघा असतात. वाफ नीट लागली की त्या काळ्या पडतात. काळी रेघ दिसली तरच संच वर जायचा, नाहीतर नाही. हे सगळं ती मला इतक्या हौसेनं सांगायची की एखादीनं माहेरचं कौतुक सांगावं. मशीनमधून निघालेले कोमट गठ्ठे उचलताना, आंघोळ घातलेलं बाळ दुपट्यात गुंडाळून कुणी हातात द्यावं तसं वाटतं, असं म्हणायची.

सकाळी ती घरी यायची तेव्हा माझं मौन असायचं. उठल्यापासून माळ पूर्ण होईपर्यंत मी बोलत नाही, हा माझा जुना नेम. ती टेबलाशी बसून गरम भात खायची, मी समोर मणी ओढत बसायची. ती तिचं काहीबाही सांगायची, मी मानेनं उत्तर द्यायची. नात, आमची चिमणी, शाळेची वेणी घालून घेता घेता म्हणायची, "आईचं रात्रीचं जेवण, माझा नाश्ता आणि आजीचा उपास, सगळं एकाच टेबलावर!" मग नात शाळेत, मुलगा कामावर आणि सूनबाई आतल्या खोलीत, खिडकीला जाड चादर लावून.

झोपायला म्हणून. झोप मात्र येईना.

पहिले दिवस उत्साहात गेले. मग तिचे डोळे आत गेले. भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. सुट्टीच्या रात्री ती भुतासारखी घरभर फिरायची आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर बसल्या बसल्या पेंगायची. आणि एका रात्री जे व्हायला नको तेच झालं. एक संच बांधला, पट्टी लावली, आणि मशीनमध्ये न घालताच तिनं तो तयार मालाच्या फळीवर ठेवला. वर ऑपरेशनच्या खोलीत नर्सनं रेघा फिकट बघितल्या म्हणून निभावलं. पेशंटला टेबलावर तसंच थांबवून दुसरा संच मागवावा लागला.

तळघराच्या मोठ्या सिस्टर आरडाओरडा करणाऱ्या नव्हेत. त्यांनी एवढंच सांगितलं, "एक महिना बघते. पुन्हा असं झालं तर तुला ठेवता येणार नाही."

घरी हे ऐकल्यावर माझ्या मुलानं लगेच तोडगा काढला. त्याच्या मित्राचं कपड्याचं दुकान आहे, तिथं बाई हवी होती. दिवसाचं काम, संध्याकाळी घरी.

"उद्यापासून ये म्हणतोय तो," मुलगा म्हणाला.

"मला नकोय," सूनबाई म्हणाली.

"अगं, आरशात बघ जरा स्वतःला. दिसतेस कशी!"

"कशी दिसते त्याचं बघू नंतर. चूक माझ्या हातून झाली, ती मीच निस्तरणार. चूक करून पळून आले असं मला नाही म्हणवून घ्यायचं."

"हा हट्ट आहे नुसता."

"हो, आहे."

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तू तरी सांग तिला."

मी सांगितलं, पण त्याला. म्हटलं, "महिना तर तिला मिळालाय ना? मग तो तिचा आहे. दुकानवाल्याला म्हणावं, महिना संपल्यावर कळवतो."

तो कुरकुरत गेला. मला मात्र रात्री माळ हातात घेतल्यावर एकच गोष्ट दिसत राहिली. तिचे हात खोटे नाहीत, तिची झोप चोरीला जातेय. तेव्हा झोप राखायची, आणि राखायला घरात मी एकटीच मोकळी आहे.

दुसऱ्या दिवशी मी खाली पत्रेवाल्याकडे गेले. आमच्या बरोब्बर खाली त्याचं दुकान. डबे, पेट्या, नळकांडी, सगळं तो हातानं ठोकून करतो. तो पत्र्यावर वाकलेला, मी दारात उभी. माझा आवाज मुळातच लहान. दोनदा हाक मारली, त्याला ऐकूच आली नाही. शेवटी हातोडी वर गेल्यावर खाली येण्याच्या आत बोलले.

"भाऊ, एक विनंती होती."

"बोला काकू. डबा गळतोय का?"

"डबा चांगला आहे. वर माझी सून झोपते दिवसाची."

"दिवसाची? बरी नाही का?"

"रात्रपाळी आहे तिची. सकाळचं जरा ठोकणं थांबवता आलं तर..."

त्यानं हातोडी मांडीवर ठेवली. "काकू, मी पत्रेवाला. ठोकणार नाही तर काय फुंकर मारून पेट्या करू?"

"सकाळी कापायचं, जोडांना डाग द्यायचं काम करा, ठोकायचं दुपारनंतर. जमेल का बघा."

तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला. "तुम्ही इतकं हळू बोलता ना काकू, की माणसाला नाही म्हणायची लाज वाटते. बघतो."

आणि त्यानं खरंच ते जमवलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना खुर्च्या सरकवायचा छंद. त्यांच्या खुर्च्यांच्या पायांना मी स्वतः जुन्या कापडाचे बोळे बांधून आले. त्या म्हणाल्या, "अहो, माझ्या खुर्च्यांनी मोजे घातले!" दाराच्या घंटीची तार काढली. फोन पिठाच्या डब्यात ठेवला, तिथं तो वाजला तरी खोकल्यासारखा वाजतो. नात शाळेतून आली की चवड्यांवर चालायची आणि मला कानात विचारायची, "आजी, कानात बोललं तरी चालेल ना?" दुपारचा जप मी नेहमी पुटपुटत करते, तोही ओठ मिटून केला. आठवड्याभरात घर असं गप्प झालं की भिंतीवरच्या घड्याळाचाही राग यावा.

अशाच एका दुपारी, आता ती गाढ झोपली असेल म्हणून मी दार लोटून बघितलं. सूनबाई पलंगावर टक्क उठून बसली होती. गुडघ्यांना मिठी मारून.

"अगं बाई! कशानं जाग आली?"

"जाग यायला झोप कुठं लागलीय आई?" ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "रागावू नका, पण तुम्ही सगळ्यांनी काय चालवलंय हे? कुणी गेल्यासारखं वाटतं हो घरात. मी पडल्या पडल्या ऐकत असते. चिमणी चवड्यांवर चालतेय, मग तिनं पाणी प्यायलं का? आई ताट किती हळू ठेवतात! खालचा माणूस माझ्यापायी काम थांबवून बसलाय. सगळे श्वास रोखून बसलेत मला झोप लागावी म्हणून. मग मी स्वतःला म्हणते, झोप गं बाई लवकर, सगळे खोळंबलेत. असं कुणाला झोप लागेल का?"

मी तिच्या शेजारी बसले. इतकी खटपट केली, आणि मीच तिच्या उशाशी जागरण मांडून ठेवलं होतं.

"आधी कशानं जाग यायची?" मी विचारलं. "नीट आठवून सांग. ठोकण्यानं?"

तिनं डोळे पुसले आणि विचार केला. "नाही. ठोकणं चालूच असतं, ते ऐकता ऐकता कधी झोप लागायची तेही कळायचं नाही. घंटीनं यायची. फोननं. आणि चिमणी दाराशी येऊन उभी राहायची, आत यायचं की नाही म्हणून. तिच्या उभं राहण्यानं यायची."

"आणि मी जेवायची थांबायची तुझ्यासाठी."

"हो. तुम्ही उपाशी असाल म्हणून बाराच्या आधी उठायचे."

"हे तू आजवर बोलली नाहीस?"

"काय बोलू? आई, जेवून घ्या, मला तुमच्या प्रेमाचं ओझं होतंय, असं?"

आम्ही दोघी हसलो. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी येतच होतं.

त्या संध्याकाळी मी सगळ्यांना टेबलाशी बसवलं. म्हटलं, यापुढं तिच्यासाठी कुणी थांबायचं नाही. मी माझ्या वेळेला जेवणार. चिमणी शाळेतून आली की नेहमीसारखी चालेल, बोलेल, गृहपाठ करेल. संध्याकाळी आई उठल्यावर तासभर आई तिची एकटीची, त्यात आजीनं आणि बाबानं नाक खुपसायचं नाही. दाराची घंटी मात्र बंदच. फोन पिठात.

"म्हणजे मी गाणं म्हटलं तरी चालेल?" नातीनं विचारलं.

"चालेल. सुरात म्हण."

मुलानं विचारलं, "आणि मी?"

"तू तिला तोंड कसं दिसतं ते सांगू नकोस," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पत्रेवाल्याकडे परत जायला मात्र माझ्या जिवावर आलं.

"भाऊ, ठोका आता सकाळी. खुशाल ठोका."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काकू, आधी ठोकू नको म्हणालात. मी आठवडाभर अंधार पडेपर्यंत बसलो. बायको म्हणते, तुम्हाला काय बाहेर दुसरं घर आहे का! आणि आता म्हणता ठोक?"

"चुकलं माझं. तिला शांततेनं झोप येत नाही."

"मग आता अंगाई म्हणून पेट्या ठोकायच्या मी?"

"तुमच्या नेहमीच्या ठोक्याला ठोका. तेवढं बास आहे."

"उपकार झाले," तो म्हणाला. पण मी जिना चढेपर्यंत त्याची हातोडी सुरू झाली होती.

ती दुपार मी विसरणार नाही. खाली पत्रा वाजतोय, वर खुर्च्या मोजे घालून फिरताहेत, नात बेसूर गातेय, मी ताट वाढून एकटीच जेवतेय आणि नजर सारखी आतल्या दाराकडे जातेय. इतक्या वर्षांची सवय ती. पण जेवले. आतल्या खोलीतून घोरण्याचा बारीक आवाज येत होता. मी तिला पुढं कधी सांगितलं नाही, पण आमची सूनबाई घोरते.

सगळं काही एका दिवसात सुधारलं नाही. मधे एकदा तिला ताप आला, दोन दिवस तशीच कामावर गेली. एकदा नातीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं, तिथं ती खुर्चीतच झोपली आणि बाईंनी तिला पाणी आणून दिलं. घरी येऊन चिमणी म्हणाली, "सगळ्यांच्या आया जाग्या होत्या." सूनबाईचा चेहरा पडला. मग ती म्हणाली, "सगळ्यांच्या आया रात्री झोपल्या होत्या. पुढच्या वेळी मी आधी झोपून येईन." आणि रजा न घेता, पाळी बदलून घेऊन, पुढच्या बैठकीला ती खरंच टवटवीत गेली.

महिन्याच्या शेवटच्या रात्रीनंतरची सकाळ. ती नेहमीच्या वेळेला आली नाही. भात निवला. मुलगा कामाला जायचा खोळंबला होता, कारण दुकानवाला मित्र त्या सकाळी उत्तरासाठी फोन करणार होता. "मला वाटलंच होतं," असं तो दोनदा म्हणाला. माझी माळ अर्धी झाली होती. मला त्याला गप्प करता येत नव्हतं, म्हणून मी नुसतं बघितलं.

दार वाजलं. सूनबाई आत आली, चपला काढल्या, हात धुतले आणि टेबलाशी बसली. चेहऱ्यावरून काही कळेना. माझी बोटं एका मण्यावर थांबली.

"काय झालं?" मुलानं विचारलं.

"पुन्हा तेच," ती म्हणाली.

मुलानं लांब श्वास सोडला. मला विचारायचं होतं, तोंडापर्यंत आलं होतं. मी मणी घट्ट धरला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी न विचारताच मला सांगू लागली.

"पहाटेची घाई होती. संच बांधला, पट्टी लावली आणि हात सरळ फळीकडे गेला. ठेवलासुद्धा. पण डोळे पट्टीवर गेले. फिकट! मी तो उचलला आणि मशीनमध्ये घातला. कुणी बघितलं नव्हतं आई. कुणालाच कळलं नसतं."

"मग?" मुलगा म्हणाला.

"मग मोठ्या सिस्टर आल्या सकाळी, तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्यासाठीच थांबले."

"वेडी आहेस का तू? शेवटच्या दिवशी?"

"त्यांनी मला एक महिना बघते म्हटलं होतं. मी त्यांना अर्धाच दाखवून कशी येऊ?"

ती ताटातल्या गार भाताशी खेळत राहिली.

"त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग विचारलं, झोप होते का आता? मी म्हटलं, होते. तर म्हणाल्या, हात चुकतच असतात, माझेही चुकतात. डोळे जागे होते ना? आणि भिंतीवरच्या तक्त्यावर पुढच्या महिन्याच्या पाळ्या लिहायला लागल्या." ती थांबली. "माझ्या रात्री लिहिल्या. सगळ्या."

मी पुढचा मणी ओढला. डोळे भरून आले होते, त्यामुळे मणी दिसत नव्हते, बोटांनीच सरकवत होते.

तिनं गार भात तसाच खाल्ला. गरम करतो, असं मुलगा म्हणाला, हो, मुलगाच. ती नको म्हणाली. ताट उचललं, वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेली. खिडकीवरची चादर ओढल्याचा आवाज आला.

तेवढ्यात पिठाच्या डब्यात फोन खोकला.

मुलानं झाकण काढून तो बाहेर घेतला, पीठ झटकलं आणि स्वयंपाकघराच्या पार कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी ऐकत होते.

"हो रे, बोल... नाही, तिला नाही देता येणार. झोपलीय... नाही नाही, आजारी नाही. कामावरून आलीय ती." जरा वेळ तो नुसता ऐकत होता. मग म्हणाला, "नाही. तुझ्या दुकानासाठी दुसरी कुणी बघ. ती हॉस्पिटलात आहे, रात्रपाळीला."