उडणारी खुर्ची आणि थांबलेली बस

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची खुर्ची आहे. साच्यातून गरमागरम बाहेर पडले तेव्हा वाटलं, आता आयुष्यभर लोकांचं वजन पेलायचं. पण माझ्या नशिबी उडणं होतं!

मी आले दिव्यांगांच्या कार्यशाळेत. माझ्यावर बसायचा पैलवान, सगळे त्याला याच नावाने हाक मारत. तिशीचा गडी, बोलणं जवळजवळ नाहीच. पण मण्यांचे पडदे ओवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जेवणाची वेळ झाली की सर त्याच्या हातातून माळ काढून घेत. "ऊठ, चल, जेवण निवतंय!" पुढच्या क्षणी पैलवान मला भिरकावायचा आणि मी खिडकीखाली उताणी! सरांनी त्याला कोपऱ्यात बसवलं, त्याचा खाऊ बंद केला. माझी उड्डाणं काही बंद झाली नाहीत.

शेवटी सर त्याच्या आईला म्हणाले, "याला आता घरीच ठेवा."

"घरी नुसता दाराकडे बघत बसतो हो तो," माउली एवढंच बोलली.

तेव्हा कार्यशाळेत नुकत्याच शिकवायला आलेल्या ताईने थोडी मुदत मागितली. ती रागावली नाही, नुसती बघत राहिली. मग एकदा सर माझ्याशेजारी उभे राहून चहा पीत असताना तिने त्यांच्या हातातून अर्धवट प्यायलेला कप काढून घेतला.

"अहो, माझा चहा!" सर कडाडले आणि त्यांनी चक्क माझी पाठ पकडून मला उचललं!

"ठेवा खाली," ताई हसली. "तुमचा चहा एकदाच अर्धा राहिला. त्याची मण्यांची ओळ रोज अर्धी राहते. त्याला बोलता येत नाही, म्हणून खुर्ची बोलते."

सर ओशाळले.

ताईने पैलवानापुढे 'थांबा' सांगणारी चित्रं मांडली. लाल पंजा त्याने भिरकावला, घड्याळ पालथं घातलं. थांब्यावर उभ्या बसचं चित्र मात्र छातीशी धरलं. बस म्हणजे त्याचा जीव की प्राण! ठरलं: त्याला जेवणाची आगाऊ सूचना द्यायची, आणि ओळ राहिली असेल तर त्याने बस दाखवायची.

दुसऱ्या दिवशी सूचना मिळाली, तरी चार मणी राहिलेच. सवयीने सरांचा हात पुढे आला. मी चारही पाय रोवले. पैलवानाने बस उंच धरली. सरांच्या पोटात कावळे ओरडत होते, तरी ते थांबले. शेवटचा मणी, गाठ, आणि पैलवान उठला. मी जागच्या जागी!

"सुटली बाबा बस!" सर म्हणाले. दारात त्याची आई पदराने डोळे पुसत हसत होती.

मित्रांनो, कुणी खुर्ची उचलली तर ओरडण्याआधी एवढंच बघा, आपण त्याच्या हातातून काय हिसकावलं? आणि हो, माझ्यावर जरा जपून बसा. उडून उडून एक पाय लचकलाय.