पंपाच्या डबीवरची गाठ

बातियाला आताशा काय झालं होतं कोण जाणे, ती घरात शिरायच्या आधी बाहेरून हाक मारायची.

सख्खी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती रोतियाच्या कडेवर होती, आणि रोतिया तरी काय, झाडावर चढायच्या वयाची. तिने या पोरीला कोवळं खोबरं चावून भरवलं, पुढे तिचं लग्न लावून दिलं, आणि आपल्याच जमिनीच्या कडेला तिला घर बांधू दिलं. दोन घरांच्या मध्ये एक नीरफणसाचं झाड, बस. इतकी वर्षं बातिया त्या झाडाखालून यायची, सरळ मचाणावर चढायची, भांड्यावरचं झाकण काढून आत काय शिजलंय ते बघायची आणि मग तोंड उघडायची. आता ती झाडाखालीच थांबायची. खाकरायची. "मौरी, आहे का कुणी?" असा मौरीचा नमस्कार घालून विचारायची, बोटीतून उतरलेल्या सरकारी बाईसारखी.

"बहिणीच्या घरात हाक मारून येतात का?" रोतिया सुनेला म्हणाली. "उद्या चिठ्ठी पाठवेल."

सून, आकेनेते, माशाचे खवले काढत होती. "वय झालं असेल त्यांचं."

"वय माझं झालंय. तिचं नुसतं अंग सुटलंय."

आकेनेते हसली, पण रोतिया हसली नाही. तिच्या मनात ते कुसळासारखं रुतलं होतं.

त्यात विहिरीने घात केला.

किरिबातीच्या या बेटावर गोडं पाणी वाळूखाली समुद्रावर तरंगत असतं, दुधावर साय धरते तसं. हलक्या हाताने काढलं तर रोज मिळतं. अधाशासारखी पळी बुडवली की खालचा समुद्र वर येतो, आणि मग पुढचे पावसाळे वाट बघत बसायचं. रोतियाची विहीर गावातली सगळ्यात गोड. तिच्या आईने सांभाळली, मग तिने. सूर्यावर चालणारा पंप आला तेव्हासुद्धा बटण तिच्याच हातात होतं. ती विहिरीपाशी चटई टाकून बसायची, थोडं पाणी ओढू द्यायची आणि मग पंप बंद करून चटई विणत राहायची, विहिरीने पुन्हा श्वास घेईपर्यंत. पुढे गुडघे गेले. विहिरीपर्यंत जाणं म्हणजे दुसऱ्या बेटावर जाणं झालं.

तेव्हा बिरिबो, तिचा मुलगा, जहाजावरची नोकरी संपवून घरी आला होता. अर्धं आयुष्य त्याने परक्यांच्या इंजिनघरात विजेची कामं केली. येताना त्याने काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक डबी आणली होती. तिच्या तोंडावर एक बाण आणि दोन बारक्या खुंट्या.

"हा वेळेचा रिले," तो म्हणाला. "जहाजावर हाच पंखे चालवतो, पंप चालवतो, दिवे, भोंगे."

"एवढासा?"

"एवढासाच. पण याच्या तऱ्हा खूप आहेत, आई. बटण दाबलं की थोडं थांबून मग सुरू होणं. बंद केलं तरी थोडा वेळ चालत राहणं. एकदाच चालून गप्प बसणं. नाहीतर चालणं, झोपणं, परत चालणं. बाण फिरवला की तऱ्हा बदलते."

"तुझे वडील असेच होते. ऊठ म्हटलं की उशिरा उठायचे, गप्प बसा म्हटलं की उशिरा गप्प बसायचे. फक्त त्यांना बाण नव्हता."

बातिया तिथेच बसली होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

डबीवरची अक्षरं रोतियाला वाचता येत नव्हती, म्हणून बिरिबोने ती विहिरीच्या खांबावर अशी बसवली की दिशेवरून समजावं. बाण आतल्या शांत पाण्याकडे असला की पंप थोडं ओढणार आणि पुष्कळ झोपणार. किती ओढायचं, किती झोपायचं ते खुंट्यांनी ठरलेलं, आणि ते रोतियाने स्वतः पंपाशेजारी बसून, पाणी चाखून चाखून ठरवून दिलं होतं. बाण बाहेरच्या मोठ्या समुद्राकडे केला की पंप नुसता चालत राहणार. टाकी धुवायची असली तरच तसा करायचा. बिरिबोने हे दोघी बहिणींना शिकवलं. बातिया लवकर शिकली. तिचं डोकं पहिल्यापासून चलाख.

मग रोतियाने डबीच्या झाकणावर माडाच्या पातीची गाठ बांधली. अशी गाठ असलेल्या वस्तूला, झाड असो की होडी, इथे कुणी हात लावत नाही. आणि ही गाठ तिच्या आईची होती. पात उलटी पिळायची, दोनदा आतून ओवायची आणि टोक गाठीच्या पोटात असं लपवायचं की सुरुवात कुठे, शेवट कुठे ते दिसू नये. ती गाठ येणारे हात आता उरले होते चार. दोन तिचे, दोन बातियाचे.

डबीने रोतियाला तिची दुपारची झोप परत दिली. विहीर गोड राहिली. विहिरीपलीकडच्या खड्ड्यात तिची बाबाई उभी होती, माणसाहून उंच पानांचं ते अळू, आणि त्यातला एक कंद तिने नातीच्या जन्माच्या वर्षी लावलेला. टिनाई आता लग्नाची झाली होती. लग्नात तो कंद काठीला बांधून, पुरुषांच्या खांद्यावरून गावच्या मानेआब्यात, म्हणजे सभाघरात, न्यायचा, व्याह्यांपुढे ठेवायचा, आणि साऱ्या गावाने त्याच्याकडे बघून गप्प व्हायचं. पोरगी कोणत्या घरातून आली ते त्या कंदावरून कळतं. दुकानातला तांदूळ कुणीही आणतं.

तर एका सकाळी रोतियाने चहाचा घोट घेतला आणि तो तोंडातच धरून ठेवला. माडीचा पाक घातलेला चहा, आणि जिभेच्या कडेला मीठ. आकेनेतेला काही लागलं नाही. बिरिबोला काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनाही लागलं. आठवडा संपेपर्यंत बाबाईच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या, जशी पानं आगीजवळ धरली असावीत.

रोतियाने मुलाला बोलावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं. "परक्यांची जहाजं सांभाळलीस, आईची विहीर बुडवलीस. माझे गुडघे गेले होते, जीभ नव्हती गेली. बटण माझ्या हातात होतं तोवर या पाण्याला मीठ ठाऊक नव्हतं. आता पोरीच्या लग्नात काय नेऊ खांद्यावर? तुझी डबी नेऊ?"

बिरिबोने मान खाली घातली. "बाण जागेवर आहे, आई. खुंट्याही जागेवर आहेत. गाठीच्या फटीतून बघितलं मी. रिले चुकत नाहीये."

"मग काय समुद्र चुकला?"

मचाणाच्या कडेवर बातिया केवड्याची पानं सोलत होती. त्या दिवशीही ती हाक मारूनच वर आली होती. खाली बघतच ती म्हणाली, "पोराला नको बोलूस, ताई. परदेशी वस्तू ती. खारा वारा लागून बिघडली असेल. त्याला तरी काय माहीत."

किती माया, असं रोतियाला वाटलं. मुलाबद्दल तिचा राग आणखी वाढला. भाच्याची बाजू घेणारी मावशी अशी, आणि हा मूर्ख गप्प उभा. "काढून टाक ती डबी," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. मी येते बघायला."

गुडघ्यांना शिव्या देत, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून ती विहिरीपर्यंत गेली. बिरिबोने गाठ कापायला सुरी काढली.

"थांब," रोतिया म्हणाली.

तिने गाठ बोटांत धरली. ती गाठ तिने मागच्या ईस्टरच्या आधी बांधली होती. एव्हाना ती पात वाळून भुरी व्हायला हवी होती, बोटाने दाबली की मोडणारी. ही वाकत होती. कडेला अजून हिरवा रंग होता. आणि पात उलटी पिळलेली, दोनदा आतून ओवलेली, टोक पोटात लपवलेलं. सुरुवात दिसत नव्हती, शेवट दिसत नव्हता. एवढी सुबक गाठ की आईने बघितली असती तर पाठीवर हात फिरवला असता.

 बिरिबोनेही वाकून बघितलं. त्यालाही कळलं, कारण ही गाठ त्याला कधी जमली नव्हती.

तेवढ्यात रोतियाला नळी दिसली. बातियाच्या घरामागे निळी नळी गुंडाळून ठेवलेली, आणि तिच्याजवळ ओळीने पिंपं. रोतियाने ती पिंपं कितीदा तरी पाहिली होती. चर्चची नवी भिंत चढत होती. मानेआब्यात प्रत्येक घराने काय देणार ते सांगितलं होतं. कुणी वाळू, कुणी खडी, कुणी माणसं. बातिया उभी राहून म्हणाली होती, सिमेंटला लागेल ते सारं गोडं पाणी माझ्या घरचं. खाऱ्याने आतलं लोखंड गंजतं, त्यामुळे गोडंच हवं. केवढ्या टाळ्या पडल्या. पास्टरच्या बायकोने तिच्या डोक्यावर फुलांचं कडं ठेवलं. सगळ्यात मोठ्याने टाळ्या रोतियाने वाजवल्या होत्या. एवढं पाणी हिच्याकडे कुठून, हे तिच्या मनात आलं होतं. चर्चच्या जुन्या टाकीतून असेल, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. दुपारी सारं बेट चटयांवर आडवं पडतं, तीही पडत होती. पंप चालू असल्याची घरघर झोपेत ऐकू यायची आणि तिला वाटायचं, माझ्या लेकाची डबी काम करते आहे.

"खड्ड्यात उतर," ती बिरिबोला म्हणाली. "टिनाईच्या कंदाला खालून हात लाव."

तो उतरला. चिखलात खांद्यापर्यंत हात घातला. वर बघून म्हणाला, "बुडाशी मऊ लागतोय, आई."

"किती मऊ?"

"बोट आत जातंय."

आकेनेतेने तोंडाला हात लावला. बिरिबोची सुरी घेऊन रोतियाने गाठ कापली आणि मुठीत धरली. घरी परत येताना तिने एकदाही थांबा म्हटलं नाही.

"मी बोलू का मावशीशी?" बिरिबोने विचारलं.

"डबी राहू दे. बाण आतल्या पाण्याकडे ठेव आणि झोपेची खुंटी वाढव. विहिरीला आता जास्त झोप लागेल." मग थोड्या वेळाने, "तुला बोलले ते गावाने ऐकलं. तिच्याशी बोलायला मला गाव लागत नाही."

त्या दुपारी जेवताना तिने माशाचं डोकं बिरिबोच्या पानात वाढलं. ते नेहमी तिचं असायचं. माफी मागायची तिची तेवढी एकच तऱ्हा होती.

ऊन कलल्यावर नीरफणसाखालून आवाज आला. "मौरी, आहे का कुणी?"

"ये," रोतिया म्हणाली.

बातिया पानात गुंडाळलेला भाजका मासा घेऊन वर आली. चटईवर, दोघींच्या मधोमध, कापलेली गाठ पडली होती. बातियाने मासा ठेवला, आणि मग तिला ती दिसली. तिने हात मागे घेतला.

"सुंदर बांधलीयस," रोतिया म्हणाली. "वाईट बांधली असतीस तर मी पोरांवर संशय घेतला असता."

बातियाने नाही म्हटलं नाही. एवढं तरी तिच्यात उरलं होतं. "भिंत संपत आली, ताई. थोडेच दिवस होते, दुपारपुरताच बाण समुद्राकडे करायचे मी. मला वाटलं विहीर सोसेल."

"तुला वाटलं. किती ओढायचं ते तू माझ्या मांडीवर बसून शिकलीस, आणि तुला वाटलं."

"मग काय करू?" बातियाचा आवाज चढला. "पाणी तुझं. खड्डा तुझा. माझं घर उभं आहे ती वाळूसुद्धा तुझी. मीही त्याच आईची ना? मानेआब्यात माझ्याबद्दल बोलतात तर रोतियाची बहीण म्हणून बोलतात. एकदा माझं नाव घेतलं कुणी. एकदाच."

"मला मागायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

 खाली आकेनेते भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

"टिनाईचा कंद सडला," रोतिया म्हणाली.

बातियाचा चेहरा उतरला. टिनाईला तिनेही अंगाखांद्यावर खेळवलं होतं. "मी व्याह्यांकडे जाते. मी सांगते त्यांना, माझ्यामुळे झालं."

"कशाला? आणखी टाळ्या मिळवायला?"

बातिया रडू लागली, अगदी लहानपणी रडायची तशी, खालचा ओठ आत ओढून. रोतियाचा हात तिच्याकडे जायला निघाला. तिने तो आपल्याच गुडघ्यावर ठेवला आणि चोळत राहिली.

"ऐक," ती म्हणाली. "व्याह्यांपुढे मी तांदळाची पोती ठेवीन आणि मान वर करून बसेन. कुणाला काही सांगणार नाही. ती भिंत देवाची आहे, तिला दोष नाही. पाणी चोरलंस ते मी विसरेन, पाण्यासाठी माणसं काय करतात ते मला ठाऊक आहे. पण तिथे, त्या कडेवर बसून, तू पानं सोलत होतीस, आणि माझा मुलगा तुझ्या पापाची बोलणी खात होता, आणि वर तू मला म्हणालीस, त्याला नको बोलूस. तू माझ्या जिभेने माझ्या पोराला फटके दिलेस, बातिया. विहीर गोड होईपर्यंत तूही हेच खारं पाणी पिशील, दुसरीकडून आणायचं नाही. आईची गाठ तुझ्या हातून पुन्हा दिसता कामा नये. आणि मघाशी तू झाडाखालून हाक मारलीस ना, ते बरोबर केलंस. इथून पुढे तशीच मारत जा, आणि मी ये म्हणेपर्यंत तिथेच उभी राहत जा."