शिळं पाणी

चहाच्या जुन्या गाळणीने यशोधराने मेलेला मासा टाकीतून उचलला आणि राजसी बालवाडीतून यायच्या आत कागदात गुंडाळून टाकला. आता एकच उरला होता, काळा. तोही कोपऱ्यात तोंड वर करून धापा टाकत होता.

राजसीच्या वाढदिवसाला मासे घरी आले आणि आल्यापासून मरतच होते. यशोधरा दर वेळी गुपचूप नवे आणून सोडायची. रंग तोच मिळेल असं नव्हतं. आपले मासे रंग बदलतात, असं राजसी बालवाडीत सगळ्यांना सांगत सुटली होती.

"चांगलंच असतं गं ते," शेजारची कुंदा दारातूनच म्हणाली. "घरावरचं संकट मासे स्वतःवर घेतात."

"आपण असलं काय मानत नाही," सुंदराबाई म्हणाल्या. लेकीच्या, पायलच्या, बाळासाठी त्या दुपटं शिवत बसल्या होत्या. पायल बेलवलीला राहायची आणि तिचे दिवस भरत आले होते. "मासा पाण्यात मेला ना? मग पाण्यातच बघ, यशोधरा."

सासूबाईंचं हे नेहमीचंच. सगळ्याला एका वाक्यात उत्तर. पण यशोधराने बाकी सगळं करून पाहिलं होतं. खाणं कमी केलं, हवेची नळी बदलली, मच्छरची कॉइल बंद केली. उल्हासनगरच्या दुकानदाराने बजावलं होतं, "भाभी, नल का पानी डायरेक्ट मत डालो. एक दिन बासी होने दो." म्हणून ती शिळंच पाणी घालायची. शिळं पाणी म्हणजे मोरीतल्या निळ्या ड्रमातलं. नळाला पाणी कमी यायला लागलं तेव्हा तिच्या नवऱ्याने, धम्मदीपने, एमआयडीसीतल्या आपल्या कंपनीतून तो ड्रम आणला होता.

"कुंदा, तुझ्याकडे कालचं पाणी आहे का गं?"

कुंदाने आपल्या पिंपातून बादलीभर दिलं. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ते ओतून यशोधराने काळा मासा त्यात सोडला. दुपारची भांडी होईपर्यंत मासा बरणीभर गोल गोल फिरू लागला.

आनंद व्हायला हवा होता. पण तिची नजर मोरीकडे गेली. नळ तोच, पाणी तेच, शिळंही तेवढंच. फरक फक्त ड्रमाचा.

पिण्याचं पाणी माठात असायचं. बाकी सगळं ड्रमातून. भांडी, तांदूळ धुणं, आंघोळी. राजसीच्या गुडघ्यामागे उठलेलं पुरळ थंडीतही जात नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, घामोळं आहे, पावडर लावा. आणि यशोधरा रोज तिला ड्रमातल्याच पाण्याने स्वच्छ आंघोळ घालून पावडर लावत होती.

ती मोरीत गेली. ड्रमाला कसलाच वास नव्हता. पोटावर एक चौकोन मात्र पांढुरका पडला होता, ब्लेडने खरवडल्यासारखा. रोज बघूनही तो तिला कधी दिसला नव्हता.

बालवाडीतून आलेली राजसी सवयीने हात धुवायला मोरीकडे पळाली.

"आत जाऊ नकोस!" यशोधरा एवढ्या जोरात ओरडली की पोर जागच्या जागी थिजली आणि मग रडायलाच लागली. यशोधराने तिला कडेवर घेतलं ते धम्मदीप पहिली पाळी संपवून येईपर्यंत खाली ठेवलंच नाही.

"ड्रममध्ये आधी काय होतं हो?"

"अगं, साबणासारखंच कायतरी. मी घासून घासून धुतला होता ना."

"आणि वरचं लेबल?"

धम्मदीप मोजा काढता काढता थांबला.

"मीच खरवडलं," तो म्हणाला. "त्याच्यावर कवटीचं चित्र होतं. आई घाबरली असती उगाच. स्टोअरवाला बोलला, सगळेच नेतात, कुणाला काय झालंय?"

यशोधराने राजसीचा पाय वळवून त्याच्यासमोर धरला. पुरळावर पावडरीचा थर होता. धम्मदीपने बोट पुढे केलं आणि न लावताच मागे घेतलं. मग तो तसाच, एका पायात मोजा घेऊन, मोरीत गेला. ड्रम आडवा झाल्याचा आवाज आला. पाणी बराच वेळ वाहत होतं.

"मोठ्या डॉक्टरकडे नेऊ," तो बाहेर येऊन म्हणाला. "आत्ताच जाऊ. रिक्षा बघतो."

"धम्मा," सुंदराबाईंनी हाक मारली. मघापासून त्यांची सुई दुपट्यातच अडकून राहिली होती. "तू तेव्हा टेम्पोतून दोन ड्रम आणले होतेस."

धम्मदीप दाराशीच थांबला. त्याने खिशातून फोन काढला. पायलचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली.

"काय झालं असतं तर कळवलं असतं की तिने," तो म्हणाला. आईकडे बघण्याचा धीर त्याला होत नव्हता. "काय तरी दिसलं असतंच ना तिला."

सुंदराबाई बरणीतल्या काळ्या माशाकडे बघत होत्या.

"कशात दिसणार?" त्या म्हणाल्या. "तिच्याकडे मासे नाहीत."