झाडूची प्राणरेषा

"आली! आली! नाकापर्यंत आली!"

दोनशे माणसांनी भरलेलं सभागृह एका सुरात ओरडलं. ज्यांना खुर्च्या मिळाल्या नव्हत्या ते टाचा उंचावून बघायला लागले. मंचावरच्या स्टुलावर एक पोटवाला शिंपी डोळे मिटून बसला होता. त्याच्यासमोर तिपाईवर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे छातीपर्यंत दाढी सोडलेले तेजोमहाराज, आणि मागच्या भिंतीवर दाराएवढा पडदा. पडद्यावर शिंप्याच्या अंगावरून लाल ठिणग्या चालत होत्या. महाराज भिंगावरचं कडं हळूहळू फिरवत होते आणि ठिणग्या आधी पोटावरच्या गुंड्यांवर, मग नाकाच्या शेंड्यावर, मग मिशीवर आणि शेवटी पापण्यांवर जाऊन चमकायला लागल्या होत्या.

"ही प्राणरेषा!" महाराज म्हणाले. सदऱ्याच्या गळ्याला माईक अडकवलेला होता, त्यामुळे त्यांचा श्वासही शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "हे भिंग कुठल्या कारखान्यातलं नव्हे. एका सिद्धपुरुषानं तीनशे वर्षं गुहेत बसून तळहातानं घासलेलं आहे. यंत्राच्या नजरेला ते दिसतसुद्धा नाही. पुरावा पाहिजे? घ्या!"

त्यांनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडद्यावर ठळक अक्षरं आली: 'लेन्स जोडलेली नाही.'

भिंग तर डोळ्यांसमोर धडधडीत दिसत होतं! सभागृहानं हात जोडले.

तिसऱ्या रांगेत मात्र एका बाईनं कपाळावर हात मारून घेतला. ती शिंप्याची धाकटी बहीण. दादाच्या दुकानाला लागूनच तिची खोली होती, आणि तिथे बसून ती जुने कॅमेरे आणि जुनी भिंगं दुरुस्त करायची. सगळी गल्ली तिला भिंगमावशी म्हणायची.

"अगं, भिंग आहे जुनं," ती शेजारी बसलेल्या वहिनीच्या कानात पुटपुटली. "त्याला नव्या कॅमेऱ्याशी बोलता येत नाही. नव्या भिंगाच्या बुडाला विजेचे ठिपके असतात, त्यावरून कॅमेऱ्याला कळतं कोण आलंय ते. याला तसलं काही नाही. म्हणून कॅमेऱ्याला वाटतं, समोर नुसतं भोक आहे."

"आणि ते लाल लाल?"

मावशी सांगणार, तेवढ्यात महाराजांनी हात वर केला. "पापण्या बघा! प्राण डोळ्यांत एकवटलाय. या माणसाला कुणी डोळ्याला शस्त्र लावायला सांगितलंय का?"

शिंप्यानं डोळे उघडले. उजवा डोळा दुधाळ झालेला पहिल्या रांगेतून कुणालाही दिसत होता; डाव्यानं तर त्याला लहानपणापासूनच अंधुक दिसायचं. "हो, महाराज. मोतीबिंदू आहे. गुरुवारी ऑपरेशन."

"शस्त्र लागलं की ही रेषा विझली!"

आणि शिंपी तिथेच बोलून बसला, "मग नाही करत."

वहिनीनं नणंदेचा हात घट्ट धरला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं: मोतीबिंदू पिकलाय, डोळ्यातला दाब वाढायला लागलाय, गुरुवार चुकवलात तर डोळा कायमचा जाईल आणि मग मी काही करू शकणार नाही. आणि इथे हा शहाणा म्हणत होता, नाही करत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दादाच्या दुकानात गेली, तेव्हा तो सुईत दोरा ओवत होता. म्हणजे सुईच्या आसपास सगळीकडे ओवत होता. टेबलावर काळी पँट होती आणि तिच्यावर निळ्या दोऱ्याची शिवण.

"दादा, तो दोरा निळा आहे."

"काळाच आहे. तुझ्या डोळ्यांत काहीतरी गेलंय."

"माझ्या डोळ्यांत?" मावशीनं सुई हिसकावून घेतली, एका झटक्यात दोरा ओवला आणि सुई परत दिली. "ऐक. त्या लाल ठिणग्या म्हणजे कॅमेऱ्यातली एक सोय आहे. जुनं भिंग हातानं फिरवावं लागतं. नेम, म्हणजे फोकस, नक्की कुठे बसलाय ते माणसाला पटकन कळत नाही. म्हणून ज्या जागी चित्र स्पष्ट होतं, तिथल्या कडांना कॅमेरा रंग लावून दाखवतो. कडं फिरवलं की स्पष्ट जागा पुढून मागे सरकते. तुझं पोट सगळ्यात पुढे, म्हणून आधी गुंड्या चमकल्या. त्याच्या मागे नाक, त्याच्या मागे पापण्या. संपलं! त्यात प्राण नाही की बीण नाही."

"मग माझ्याआधी स्टुलावर बसलेल्या त्या दुधाचे दात असलेल्या पोराच्या गालावर काहीच का आलं नाही? आणि महाराज स्वतः बसले तेव्हा त्यांच्या तोंडावर तर नुसती दिवाणखान्यातली झुंबरं पेटली होती!"

"गाल गुळगुळीत, त्याला कडा कुठून येणार? महाराजांना हातभर दाढी आहे. प्रत्येक केसाला कड!"

"तू भिंगं पुसणारी," दादा मान खाली घालून म्हणाला. "तुला यंत्रातलं कळतं. माणसातलं काय कळतं?"

हे मात्र मावशीला फार लागलं. तिच्या हातात स्क्रू धरायची ताकद नव्हती तेव्हापासून या भावानंच तिला जुने कॅमेरे आणून दिले होते, उघडून बघ म्हणून. आई ओरडायची, दादा पाठीशी घालायचा. त्याच दादानं तिला आज पुसणारी म्हटलं. ती आपल्या खोलीत आली, आणि तिला रडू फुटलं. मग तिनं डोळे पुसले. कोपऱ्यात झाडू उभा होता. मावशी त्याच्याकडे बघत राहिली, आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडे दादाला तिच्या हसण्याचा आवाज आला.

बुधवारी सभागृह पुन्हा तुडुंब होतं. दादा पहिल्या रांगेत, शेजारी वहिनी. महाराजांनी "आता कोण?" विचारलं आणि भिंगमावशी उठली. तिच्या काखेत शालीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं.

"महाराज, माझ्या घरची आहे एक. बोलत नाही, चालत नाही. दिवसभर कोपऱ्यात तोंड करून उभी असते. आयुष्यभर घरातली घाण काढली बिचारीनं. हिच्यात किती प्राण उरलाय तेवढं बघाल का?"

लोक हळहळले. महाराजांनी मोठ्या मनानं हात पुढे केला. मावशीनं स्टुलावर ते उभं केलं, मंचाच्या कठड्याला टेकवलं आणि शाल काढली.

झाडू!

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग कुणीतरी "शूऽऽ" केलं. महाराज काही बोलायच्या आत मावशी कॅमेऱ्यामागे पोचली होती. तिनं कडं धरून फिरवलं, आणि पडद्यावर झाडू पेटला. काडीन् काडी लाल झाली. आजवर कुठल्या माणसाच्या अंगावर एवढ्या ठिणग्या आल्या नव्हत्या. महाराजांची दाढीसुद्धा त्यापुढे फिकी होती.

"अबब!" वहिनी मोठ्यानं म्हणाली. "केवढी पुण्यवान गं ही!"

महाराज सावरले. कसलेला गडी होता. "भक्तहो! यात नवल ते काय? झाडूच्या काड्या एके काळी हिरव्या होत्या. त्यांच्यात प्राण उरलाय!"

"प्लास्टिकचा आहे हो," मावशी म्हणाली.

आता मात्र हशा फुटला. मावशी भिंगावर वाकली, नेम आणखी नीट बसवायला, आणि तिथेच थबकली. कड्याच्या बाजूला, खालच्या अंगाला, एक छोटासा लाल ठिपका होता. नखपॉलिशचा. भिंग उघडलं की कुठला भाग कुठे बसवायचा ते चुकू नये म्हणून ती स्वतः लावायची तसा, अगदी तिच्याच बाटलीतला. कडं जरा जड फिरत होतं, कारण त्या दिवशी पातळ ग्रीस संपलं होतं आणि तिनं जाड वापरलं होतं. तिला सगळं आठवलं. तुळतुळीत दाढी केलेला, लग्नाचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर. 'मावशी, हातानं नेम बसत नाही हो,' म्हणून कुरकुरणारा. आणि तिनंच त्याला ती कडा रंगवायची सोय दाखवली होती. स्वतःच्या बोटानं सुरू करून दिली होती!

तिनं मान वर केली आणि दाढीच्या आतल्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

महाराज एकदम जवळ सरकले आणि कुजबुजले, "मावशी, ओळखलंत का? हात जोडतो, आत्ता काही बोलू नका ना. मागाहून दुकानात येतो."

गळ्यातला माईक चालू होता. कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचली.

सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. मग मागून कुणीतरी विचारलं, "तीनशे वर्षं गुहेत बसला होता तो सिद्धपुरुष मावशींच्या दुकानात काय करत होता?"

"ग्रीस बदलत होता," मावशी म्हणाली. "आणि सिद्धपुरुष म्हणजे मीच. गुहा माझीच आहे, जरा अंधारी आहे खरी." मग तिनं पिशवीतून नखपॉलिशची बाटली काढली आणि भिंगावरच्या ठिपक्याशेजारी धरली. पडद्यावर झाडूच्या जागी कॅमेऱ्यातली यादी उघडली. "हे बघा. रंग: लाल. आता पिवळा करते." झाडू पिवळा झाला. "निळा." निळा झाला. "आणि हे बंद." साधा, धुळीनं माखलेला झाडू उरला. "प्राण गेला हो बिचारीचा!"

हसता हसता काही जण संतापले, दोघंतिघं मंचाकडे धावले. मावशी आडवी आली. "कुणी हात लावायचा नाही! आधी मला बोलू द्या. ही सोय याला मीच शिकवली. चूक थोडी माझीही आहे." मग ती त्याच्याकडे वळली. "फोटो चांगले काढायचास रे. हे काय डोक्यात शिरलं?"

त्यानं दाढी खाजवली. महाराजांचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "एका लग्नात पडदा लावला होता. म्हाताऱ्या आजोबांच्या तोंडावर ठिणग्या दिसल्या, त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं नाही."

"आता म्हण. माईक आहेच."

आणि त्यानं म्हटलं. अडखळत म्हटलं, पण सगळं म्हटलं: ज्यांना औषधं बंद करायला सांगितली त्यांनी उद्याच डॉक्टरांकडे जावं, मला कुणाच्या अंगातलं काहीही दिसत नाही.

लोक पांगले तरी पहिल्या रांगेत दादा बसूनच होता. मावशी त्याच्याजवळ जाऊन बसली.

"आता पटलं ना?"

"परवाच पटलं होतं," दादा पुटपुटला. "निळा दोरा मलाही दिसला होता, तू गेल्यावर. दाराशी उजेडात नेऊन बघितला. छोटे, मला भीती वाटते गं. डोळ्याला सुरी म्हणजे… तो बाबा नको म्हणाला, मला बरंच वाटलं."

 एवढा मोठा दादा, तिला रस्ता ओलांडून देणारा. तिनं मंचावरून ते जुनं भिंग आणलं आणि त्याच्या हातात दिलं.

"तुझ्या डोळ्यातही भिंगच आहे, दादा. ते गढूळ झालंय. डॉक्टरीणबाई ते काढतील आणि नवं बसवतील. अशी किती भिंगं मी काढली आणि बसवली. एकाही कॅमेऱ्यानं तक्रार केली नाही."

"कॅमेऱ्याला भीती वाटत नाही."

"मग तू भी. खुशाल भी. मी बाहेर बाकावर बसते, आपण दोघंही भिऊ."

गुरुवारी ती बसली. वहिनीही बसली, आणि दर पाच मिनिटांनी म्हणाली, "अजून कसे आले नाहीत?" अर्ध्या तासात दादा डोळ्याला पट्टी लावून चालत बाहेर आला आणि भूक लागली म्हणाला.

शुक्रवारी पट्टी निघाली. दादानं डोळा किलकिला केला, समोर बहिणीकडे बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"छोटे, तुझे केस केवढे पांढरे झाले गं! कधी झाले?"

"तू निळ्यालाही काळं म्हणायचास तेव्हापासून," मावशी म्हणाली आणि तीही रडली, हसतही होती.

दुकानात गेल्यावर त्यानं शिवून टांगलेले कपडे एकेक करून खाली काढले. काळ्यावर निळा दोरा, पांढऱ्यावर पिवळा, एका शर्टाला तर दोन्ही बाह्या डाव्याच. "हे मी शिवले? आणि कुणी बोललं नाही मला?"

"लोकांना तू आवडतोस," वहिनी म्हणाली. "पण गिऱ्हाईकं शेवटी कंटाळली असती."

दादानं सगळी शिवण उसवून पुन्हा घातली. तो झाडू मावशीनं दुकानाच्या दाराशी टांगून ठेवलाय. कुणी चमत्काराची गोष्ट घेऊन आलं, की दादा शिवणयंत्र थांबवतो, झाडूकडे बोट करतो आणि विचारतो, "याच्यावर चालतं का बघितलं?" बहुतेक जण झाडूकडे बघून परत फिरतात.

तुम्हीही विचारा. बाबाला विचारा, आणि त्याआधी स्वतःला विचारा, कारण भीती वाटते तेव्हा आपल्याला खोटं ऐकायला फार गोड लागतं. भीती वाटण्यात लाज काही नाही. पण भ्यायचंच असेल तर डॉक्टरांच्या दारात, आपल्या माणसाचा हात धरून भ्या. बाबासमोरच्या स्टुलावर स्वतः बसण्याआधी एकदा झाडू बसवून बघा.