मुखेडवर अजून माणसं आहेत

पुण्या-बंगळुरूची पोरं आमच्या टीमला ‘ग्रामपंचायत’ म्हणून चिडवायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग म्हटलं, असं होय? स्पर्धेला नाव देताना टीमचं नावच ‘ग्रामपंचायत, अहमदपूर’ असं टाकून दिलं. इंग्रजी नावांच्या रांगेत ते देवनागरीत झळकलं त्या दिवशी मी क्लासच्या पोरींना पेढे वाटले.

क्लास म्हणजे माझा टायपिंग आणि संगणकाचा क्लास. अहमदपूरच्या बसस्टँडमागे, जिलानीभाईंच्या गादीच्या दुकानावर. खाली कापूस पिंजला जातो, वर आम्ही शिंकत शिकवतो. रविवारी क्लास बंद, म्हणून रविवारी तिथून यान उडायचं.

गेमचं नाव ‘तारावाट’. यान घेऊन निघायचं, नवे ग्रह शोधायचे, तिथे वस्ती उभारायची, वस्तीतून इंधन काढून आणखी पुढे जायचं. जो ग्रह पहिल्यांदा शोधेल त्याने बारसं करायचं. बाकीच्यांनी आपल्या ग्रहांना अशी नावं ठेवली होती की उच्चारताना जीभ अडकावी. मी माझ्या ग्रहाला माहेराचं नाव दिलं, मुखेड. खडकाळ, कोरडा, वारा भणभणता, पाणी कुठे तरी खोल. दुसरं नाव सुचलंच नाही.

खेळणारे आम्ही तिघं. मी दीपमाला. दुसरी मनतशा, जिलानीभाईंची लेक, माझी जुनी विद्यार्थिनी आणि आता माझ्यापेक्षा चांगली पायलट. तिसरा आमचा कॅप्टन रुद्रेश, लातूरचा. इंजिनिअर झालाय, नोकरी शोधतोय. तो त्याच्या घरून, आपलं वेगळं यान घेऊन खेळायचा, आम्हाला स्पीकरवर ऐकू यायचा. वस्तीत माणसं ठेवायची तर त्यांना नावं द्यावी लागतात. मनतशाने आपल्या अम्मीचं नाव दिलं, वहिदा, आणि भावाचं, मुज्तबा. रुद्रेशने आजोबांचं दिलं, गुरुपादप्पा. मी गल्लीतली निम्मी माणसं त्या ग्रहावर नेऊन ठेवली.

आणि चौथ्या, पदाविना सदस्य, माझ्या सासूबाई. चतुराबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. रविवारी त्या माझ्याबरोबर क्लासला यायच्या, मागच्या खुर्चीत बसून शेंगा फोडायच्या आणि पडद्याकडे बघायच्या. गेममध्ये त्यांचा जीव फारसा रमत नसे. त्यांचं वेड निराळं होतं. कॉमिकवरून निघालेले सिनेमे. नवा लागला की त्यांना लातूरला न्यावंच लागतं. हिरोंची खरी नावं त्या लक्षात ठेवत नाहीत, आपलीच ठेवतात. हा बिजलीवाला, तो खडकाच्या मुठीचा. पण मतं मात्र पक्की.

“तोंड झाकून भलं करायची काय गरज हाय?” त्या म्हणतात. “चोरी करून राहिला का त्यो?”

दिवाळीनंतर खडकाच्या मुठीवाल्याचा नवा सिनेमा आला. आम्ही तिघी बसने लातूरला गेलो, रुद्रेश थेटरवर भेटला. हिरोने शेवटी खलनायकाला लोळवलं आणि त्या नादात अर्धं शहर पाडलं. मग नावांची पाटी सुरू झाली. नवखे लोक उठले. आमच्यासारखे जाणकार बसून राहिले, कारण नावं संपल्यावर पुढच्या सिनेमाचा एक तुकडा असतो. तो आला. कुठल्या तरी ताऱ्यावर कुणी तरी डोळा उघडला. मनतशा किंचाळली. दिवे लागले.

आत्याबाई उठेनात.

झाडूवाला पोऱ्या रांगेपर्यंत आला. “मावशी, संपला पिच्चर.”

“कुठं संपला? ढिगारा तसाच हाय की.”

बाहेर रसवंतीवर रुद्रेशने त्यांना समजावायला घेतलं. याला समजावण्याची भारी हौस. “काकू, तो शेवटचा तुकडा पुढच्या सिनेमासाठी असतोय.”

“पुढचं समदेच सांगतेत. जे पडलं त्येचं कोण सांगंल?”

“ते धरून चालायचं. महापालिका उचलत असंल.”

आम्ही दोघी खो-खो हसलो. आत्याबाई हसल्या नाहीत.

“आत माणसं होती का न्हाई?”

“ते ग्राफिक्स हाय काकू. खोटं हाय समदं.”

“मग त्यो हिरो बी खोटाच की. त्येच्यासाठी शिट्ट्या मारल्यास ना?” त्यांनी ग्लास खाली ठेवला. “दर खेपेला बसून राहते मी. वाटतंय, ह्या खेपेला तरी दावतील.”

तेव्हा मला कळलं की आत्याबाई दर सिनेमाला शेवटपर्यंत का बसतात. इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांनाही पुढच्या भागाची ओढ आहे. त्यांचं माहेर किल्लारीचं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते गाव पडलं आणि पुढे नवं वसलं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण आत्याबाई त्या पहाटेबद्दल बोलत नसत आणि आमच्या घरात कुणी विचारत नसे. मीही विचारलं नाही.

मग अंतिम फेरीचा रविवार आला.

मला जिंकायचं होतं, सरळ सांगते. कौतुक-बिवतुक नंतर, मला त्या पोरांची तोंडं बंद करायची होती. उपांत्य फेरीत एकाने विचारलं होतं, “तुमच्याकडे लाइट असते का ताई?” त्याला आम्ही एका उल्केच्या आडून असं गाठलं की त्याचा नंतर आवाजच आला नाही. आता शेवटची पायरी. नकाशाच्या टोकाला एक चमकणारं दार, जो त्यातून पहिला जाईल तो जिंकला. जिंकणारी टीम बंगळुरूला मोठ्या मंचावर जाणार होती. मी साडीसुद्धा ठरवून ठेवली होती.

खेळ देशभर थेट दिसत होता. समालोचक होता रविकांत नावाचा, शहरी, चुरचुरीत बोलणारा. सुरुवातीलाच म्हणाला, “ग्रामपंचायतीने आज कोरम पूर्ण केलेला दिसतोय.”

हसा म्हटलं, हसून घ्या.

आम्ही भन्नाट निघालो. मनतशाने यान असं हाकलं की पाहणाऱ्याला घेरी यावी. अर्धा नकाशा पार झाला तेव्हा आम्ही दुसऱ्या नंबरावर होतो आणि पहिल्याच्या शेपटाला लागलो होतो. रुद्रेश स्पीकरवर ओरडत होता, “लई भारी! असंच! असंच!”

आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल पट्टी आली. मुखेडवर उल्कावर्षाव. वस्ती कोसळली. जिवंत किती, माहीत नाही.

“जाऊ दे,” रुद्रेश म्हणाला. “इंधन पुरतंय आपल्याला. वस्तीची गरज न्हाई आता.”

मीही तेच म्हणणार होते. शब्द तोंडात होते. तेवढ्यात मागे शेंगा फोडण्याचा आवाज थांबला.

“काय पडलं?” आत्याबाईंनी विचारलं.

“आपली वस्ती, आत्याबाई. मुखेडची.”

“आत कोण हाय?”

मनतशाच बोलली, हळू आवाजात. “समदे हायत काकू. अम्मी हाय, मुज्तबा हाय. रुद्रेशचे आज्जे.”

“अगं नावं हायत ती नुसती!” रुद्रेश वैतागला. “दार समोर दिसून राहिलंय! हितं मागं वळलो तर संपलो आपण. तिथं कुणी जित्तं नसंल. चला पुढं!”

आत्याबाई उठून माझ्या खुर्चीमागे आल्या. पदराला लागलेली टरफलं खाली पडली. त्यांनी टेबलावरचा माईक स्वतःकडे ओढला. कसा धरायचा ते माहीत नव्हतं, तोंडाला लावूनच बोलल्या.

“असंच म्हणले होते, बाबा.”

“कोण, काकू?”

“वर उभी राहिलेली माणसं. गणपती बोळवून आम्ही निजलो होतो. पहाटं समदं अंगावर आलं. धाबं, माती, दगूड. मी खाली होते. वर माणसं बोलून राहिली होती. ‘हितं कुणी जित्तं न्हाई, चला पुढं.’ मी ऐकून राहिले होते. तोंडात माती. वरडता येईना.”

खाली पिंजणयंत्र चालू होतं, ते तेवढं ऐकू येत होतं.

“मग?” मनतशाने विचारलं.

“समदी निघाली. एक जण गेला न्हाई. कोण होता, आज बी मला ठावं न्हाई. त्येनं बाकीच्यायला शिव्या घालून गप्प केलं. मग दगडापाशी तोंड आणून इचारलं, कोण हाय आत? आन गप बसला. मी नखानं दगूड खरवडला. त्येवढंच जमलं.” त्यांनी माईक खाली ठेवला. “तू खेळ तुजा. मी आपलं सांगितलं.”

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. त्या लोकांचा, स्वतःचा, बंगळुरूसाठी काढलेल्या साडीचा. मी मनतशाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिने आमचं यान वळवलंसुद्धा होतं. रुद्रेशचं मात्र सरळ दाराकडे चाललं होतं.

रविकांतच्या लगेच लक्षात आलं. “अरेच्चा! ग्रामपंचायत उलटी निघाली! ताई, दार इकडे आहे, इकडे!” पडद्याच्या कडेने प्रेक्षकांनी टाकलेले हसणारे चेहरे पावसासारखे वाहू लागले. कुणी तरी लिहिलं, ‘बस चुकली वाटतं.’

मी सगळ्यांना ऐकू जाईल असा माईक चालू केला. “दार दिसतंय आम्हाला. आमची माणसं आत अडकलीत. हसायचं त्यांनी हसा.”

आम्ही मुखेडवर उतरलो. वस्तीचा नुसता ढीग झाला होता. खनिजं काढायचं यंत्र होतं, पण ते लावलं असतं तर खालचा माणूस मेला असता, म्हणून एकेक दगड बाणाचं बटण दाबून उचलायचा. अशाने वर्ष लागलं असतं.

“इंजिन बंद कर,” आत्याबाई म्हणाल्या.

“काकू, इंजिन बंद केलं तर परत सुरू व्हायला लई टाइम जातोय,” मनतशा म्हणाली. “मग शर्यत गेलीच.”

“गडबडीत कसं ऐकू यील? आदी समद्यायनी गप बसायचं. मग नाव घेऊन हाक मारायची. मग परत गप.”

मनतशाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. इंजिन बंद झालं. मी सगळे आवाज काढून टाकले, संगीत, वारा, इशाऱ्याची घंटा. मनतशा खाली धावत जाऊन अब्बांना सांगून आली आणि जिलानीभाईंनी पिंजणयंत्रही थांबवलं. का ते त्यांनी विचारलं नाही.

त्या शांततेत पडद्याखालून बारीक आवाज आला. टिक. टिक. वस्तीतल्या माणसाच्या प्राणवायूच्या टाकीचा. एरवी इंजिनाच्या घरघरीत तो कधी कानावर पडलाच नव्हता.

“अम्मी,” मनतशा म्हणाली आणि तिथलेच दगड काढायला लागली.

वहिदा बाहेर आली. चौकोनी चेहऱ्याची, धुळीने भरलेली, गेमने शिकवलेलं एकच वाक्य बोलणारी. ‘प्राणवायू कमी आहे.’

“आदी पाणी दे तिला,” आत्याबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दुसरं यान आमच्याशेजारी उतरलं. रुद्रेशचं. तो दाराच्या वाटेवर बराच पुढे गेला होता, एकटा तसाच गेला असता तरी टीमला तिसरा नंबर मिळत होता. त्याचा बसलेला आवाज आला, “आज्जे कोणत्या खोलीत होते?”

“डाव्या अंगाला,” मी म्हणाले.

तोही उचलायला लागला. गुरुपादप्पा निघाले.

तिकडे कुठली तरी टीम दारातून गेली. फटाके उडाले, रविकांतने आरोळ्या ठोकल्या. मग तो आमच्याकडे वळला. “ग्रामपंचायत, फेरी संपलेली आहे. थोड्या वेळात नकाशा पुसला जाईल. कृपया बाहेर पडा.”

“न्हाई,” मी म्हणाले.

“ताई, निकाल लागलाय. तुमचा नंबर शेवटचा आहे. आता थांबून काय मिळणार?”

“मुखेडवर अजून माणसं आहेत.”

“अहो, पण नकाशा आपोआप पुसला जाणार! आमच्याही हातात नाही.”

“पुसा मग,” रुद्रेश मध्येच बोलला. कॅप्टनचा आवाज परत आला होता त्याचा. “आमी आत असताना पुसा. आमी काय उठत न्हाई.”

हसणारे चेहरे वाहायचे थांबले होते. रविकांत काही तरी बोलायला गेला.

“गप बस रे,” आत्याबाई म्हणाल्या. देशभर ऐकू गेलं. तो गप्प बसला.

मग त्या पडद्यापाशी वाकल्या. इतक्या जवळ, की त्यांचा श्वास काचेवर उमटला. आणि त्यांनी हाक मारली.

“मुज्तबा! ए मुज्तबा! आवाज दे रे बाळा, आमी हितंच हाव!”

आणि आम्ही सगळे गप्प झालो.