महागूच्या कानात

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाळणा आहे. या घराण्यातले प्रत्येक नाव जगाच्या आधी मी ऐकले आहे. म्हणजे एकूण दोन. मधली वर्षे माझ्यात कांदे होते.

लामता गावच्या सुताराने मला गुणाकरच्या बारशासाठी घडवले. तेव्हा माझ्यावर कोरलेल्या मोरांचे कौतुक झाले. पुढे गुणाकर बालाघाटच्या कचेरीत बाबू झाला आणि मी माळ्यावर गेलो. १९६६ साली त्याला मुलगा झाला, तेव्हा कांदे काढून मला धुतले. वास राहिलाच.

नाव ठरले होते सतीश. पण कानात सांगायचा मान आत्याचा. कटंगीहून गुणाकरच्या थोरल्या बहीण अनुसयाआत्या आल्या, बाळाच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "महागू."

माझ्या कड्या करकरल्या. बायकांच्या हातातल्या घुगऱ्या हातातच राहिल्या. महागू हे गुणाकरच्या वारलेल्या वडिलांचे नाव. आपलं तर वेगळं ठरलं होतं, असे गुणाकर चाचरत म्हणाला.

"ठरलं असन," आत्या म्हणाल्या. "बाबा महागाईत जन्मले म्हून महागू. आता काय सस्ताई हाये?"

कानात गेलेले नाव परत काढता येत नाही. बाळाची आई ललिता मात्र पांढरीफटक पडली. सून सासऱ्याचे नाव घेत नाही. ती तर भाजीलाही कधी महाग म्हणत नसे, परवडत नाही म्हणे.

"बाई, मंग मी माह्या लेकराले हाक कशी मारू?"

हे आत्यांच्या ध्यानातच आले नव्हते. शेजारणीने सुचवले की नवऱ्याला म्हणतेस तसे 'अजी, आयका ना' म्हणत जा. दुसरी म्हणाली, टाळी वाजव.

ललिताने माझी दोरी सोडली. ती वाकली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "महागू. ए महागू."

आत्या मटकन खाली बसल्या. गुणाकरने उगीच छताकडे पाहिले. छत जागेवर होते. बाळाने जांभई दिली.

मित्रांनो, जुनी नावे जरूर काढा, पण आधी बाळाच्या आईला विचारा. आणि पाळण्याच्या कड्यांना वर्षातून एकदा तेल द्या.

आता, १९७३ साली, महागू सात वर्षांचा आहे. घरात, शाळेत आणि मोहल्ल्यात त्याला सगळे मुन्ना म्हणतात. ललितासुद्धा.