टेनंट स्टँडच्या वरच्या रांगा

मंगळवारच्या टपालात तो जाड लिफाफा आला, तेव्हा सुनेत्राने तो इतर पत्रांसारखाच फोडला. क्लबचं टपाल फोडणं हे गेली नऊ वर्षं तिचंच काम होतं. हुद्दा मेंबरशिप सेक्रेटरीचा. पण काउंटी क्रिकेट क्लबचं ऑफिस ते केवढं, चार माणसांचं. त्यामुळे पास छापण्यापासून चहाच्या काउंटरवरच्या तक्रारी ऐकण्यापर्यंत सगळं तिच्याकडेच यायचं. लंडनच्या कडेच्या पिनरहून सकाळी आठला निघायचं, नऊला मैदानावर पोचायचं, आणि पहिला कप हातात घेऊन टपाल उघडायचं, हा तिचा नेम.

लिफाफ्यात इंजिनिअरचा रिपोर्ट होता. मैदानावरच्या जुन्या लाकडी टेनंट स्टँडची तपासणी वसंतातच झाली होती, हे ती विसरूनही गेली होती. अकरा पानं होती. तिला त्यातलं फारसं कळलं नाही, पण शेवटच्या पानावरचं वाक्य मात्र लख्ख कळलं : वरच्या मजल्याच्या तुळया आतून कुजलेल्या आहेत, दुरुस्ती होईपर्यंत तिथे कोणालाही बसू देऊ नये.

ती रिपोर्ट घेऊन तडक अॅलिस्टर ब्रूमच्या खोलीत गेली. अॅलिस्टर क्लबचा चीफ एक्झिक्युटिव्ह, दोन वर्षांपूर्वीच आलेला. त्याने उभ्या उभ्याच शेवटचं पान वाचलं आणि रिपोर्ट कपाटात टाकून किल्ली फिरवली.

"सोमवारी बघू," तो म्हणाला.

"सोमवारी? शुक्रवारी ट्वेंटी-ट्वेंटीची मॅच आहे. स्टँड खचाखच भरेल."

"म्हणूनच. पहिल्यांदा टीव्हीवाले येताहेत आपल्याकडे. सत्तर वर्षं उभा आहे तो स्टँड, आणखी तीन दिवस उभा राहील. आणि हे बघ सुनेत्रा, आत्ता आपण तोंड उघडलं तर मेंबर काय म्हणतील ते मी तुला सांगायला हवं का?"

ते मात्र खरंच सांगायला नको होतं. त्या हिवाळ्यात कमिटीने टेनंट स्टँड पाडून तिथे काचेची नवी इमारत उभारायचा घाट घातला होता. मेंबर पेटून उठले. चारशे सह्या जमल्या आणि मार्चच्या सभेत कमिटी सपशेल हरली. आता जूनमध्ये तीच कमिटी म्हणाली असती की स्टँड कुजलाय, तर शेंबडं पोरसुद्धा म्हणालं असतं की हा मागच्या दाराने काढलेला सूड आहे.

त्या चारशे सह्या गोळा करणारा माणूस सुनेत्राच्या चांगल्या ओळखीचा होता. योएल झिराडकर. बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. वय शहात्तर, राहायला पिनरजवळच्या स्टॅनमोरला. क्लबातले इंग्रज त्यांना 'मिस्टर झेड' म्हणत. तरुणपणी ते मुंबईत परळच्या रेल्वे कारखान्यात डब्यांचं सुतारकाम करत. चौसष्ट साली बायकोला घेऊन लंडनला आले ते इथलेच झाले. तिच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी योएलकाकांचा मेंबरशिप चालू ठेवण्याचा अर्ज हाती आला, तेव्हा त्यावरचं मराठी आडनाव वाचून सुनेत्रा चपापली होती आणि धीर करून मराठीत बोलली होती. त्या दिवसापासून मैदानावर आले की ते आधी तिच्या खिडकीशी यायचे. "काय गं पोरी, आज पाऊस पाडतेस का खेळू देतेस?" एवढं विचारल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. ते आणि एलिशेबाकाकू दोघं टेनंट स्टँडच्या सगळ्यात वरच्या रांगेत बसत. तेवीस वर्षं तीच दोन आसनं.

बुधवारी क्लबच्या दुसऱ्या फळीच्या संघाची, सेकंड इलेव्हनची, मॅच होती. तिकीट नाही, गर्दी नाही. जेमतेम चाळीस म्हातारे मेंबर डबे घेऊन आले आणि सवयीने वरच्या मजल्यावर जाऊन बसले. सुनेत्राची खिडकी थेट स्टँडसमोर उघडत होती. तिने काम पुढ्यात ओढलं, पण दर दोन मिनिटांनी मान वर व्हायची. काकूंनी थर्मास उघडलेला तिला दिसला. योएलकाका चौकाराला टाळ्या वाजवायला उभे राहिले. उठावं, धावत जावं आणि सांगावं, खाली उतरा. ती दोनदा दारापर्यंत गेलीसुद्धा. दोन्ही वेळा परत येऊन बसली. साडेसहाला शेवटचा माणूस जिना उतरला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती दुपारी जेवलीसुद्धा नव्हती.

घरी तिने मिलिंदला, नवऱ्याला, सगळं सांगितलं. मिलिंद मिल्टन कीन्सला आयटीत होता. रोजच्या ड्रायव्हिंगने दमून आलेला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू बोललीस तर तुझी नोकरी जाऊ शकते," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आणि लोक तुझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत."

"तेही माहीत आहे."

"मग मला काय विचारतेस?" तो म्हणाला. "तू तिथे वर जाऊन बसशील का, एवढंच स्वतःला विचार."

गुरुवारी संध्याकाळी सहाला मेंबर्स फोरम होता. सीझनमध्ये दोनदा क्लब आपल्या सभासदांना बोलावून ताज्या बातम्या आणि पुढचे बेत सांगत असे. पॅव्हिलियनचा हॉल भरला. बाहेर स्वच्छ ऊन होतं, मैदानावर रोलर फिरत होता. अॅलिस्टरने सुनेत्राच्या हातात टाइप केलेला कागद दिला. "नेहमीसारखं तूच वाच. लोक तुझं ऐकतात."

तिने कागद चाळायच्या आत चेअरमननी तिचं नाव पुकारलं. ती उभी राहिली आणि वाचू लागली. परदेशी फास्ट बोलरचा व्हिसा अखेर आला, पुढच्या आठवड्यात तो दाखल होईल. टाळ्या. ऑगस्टचा फेस्टिव्हल वीक यंदाही होणार. पुन्हा टाळ्या. कार पार्कचं उत्तरेचं गेट बंद राहील. कुरकुर. इनडोअर नेट्सचं काम सप्टेंबरात सुरू होईल. योएलकाका दुसऱ्या रांगेत बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, तिच्याकडे कौतुकाने बघत.

मग शेवटचा मुद्दा आला. 'शुक्रवारच्या सामन्यासाठी सभासदांनी लवकर येऊन टेनंट स्टँडचा वरचा मजला भरावा. टीव्हीच्या कॅमेऱ्यांना भरलेला स्टँड दिसावा अशी क्लबची इच्छा आहे.'

तिने ते मनात वाचलं. पुन्हा वाचलं. गप्प बसणं वेगळं आणि आपल्या तोंडाने माणसांना तिथे बोलावणं वेगळं. हॉलमध्ये कोणीतरी खाकरलं. अॅलिस्टरने पाय हलवला.

"हे मी वाचू शकत नाही," सुनेत्रा म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "वरच्या मजल्यावर कोणीही बसू नका. इंजिनिअरचा रिपोर्ट मंगळवारी आलाय. तुळया कुजल्या आहेत."

हॉलमध्ये एकच गलका उठला.

अॅलिस्टर हसत उठला. "सुनेत्राचा थोडा गैरसमज झालाय. नेहमीची तपासणी आहे. सोमवारी आम्ही त्यात लक्ष घालणारच आहोत."

"मार्चमध्ये हरलात म्हणून जूनमध्ये ही युक्ती!" मागून कोणीतरी ओरडलं. "लाज वाटायला हवी!" दुसरा म्हणाला. आणि मग योएलकाका उठले तसा हॉल शांत झाला. ते आधी इंग्रजीत कमिटीला म्हणाले, "आम्हाला लहान मुलं समजू नका." मग सुनेत्राकडे वळले आणि त्या शंभर-दीडशे लोकांसमोर मराठीत म्हणाले, "तुला पढवून उभं केलंय का गं यांनी? आम्ही तुझं ऐकतो म्हणून?"

तिला रडू फुटेल असं वाटलं, पण फुटलं नाही. "काका, मला गप्प बसायला सांगितलं होतं. तेच मी मोडलं."

ते काठी टेकत एक पाऊल पुढे आले.

"रिपोर्ट कुठाय?"

"कपाटात. किल्ली यांच्याकडे आहे."

योएलकाकांनी अॅलिस्टरकडे हात पुढे केला. अॅलिस्टर म्हणाला, गोपनीय कागद असे सभेत फिरवता येत नाहीत.

"राहू द्या," काका म्हणाले. "कागद कोणीही लिहितं. लाकूड खोटं बोलत नाही. पोरी, स्टँडखालच्या खोलीची चावी आहे तुझ्याकडे?"

होती. जुन्या खुर्च्या आणि बाउंड्रीचे दोर तिथेच ठेवलेले असत. दोघं बाहेर पडले. मागोमाग वीसेक मेंबर निघाले. तिने कुलूप काढलं. आत दमट वास होता. वर ओळीने तुळया होत्या, पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या, दिसायला धडधाकट. योएलकाकांनी एक खुर्ची ओढली. सुनेत्राने खुर्चीची पाठ धरली आणि ते चढले. काठीने पहिल्या तुळईवर टकटक केलं. आवाज घट्ट आला. दुसरीचाही तसाच.

"ऐकलंस?" मागे कोणीतरी म्हणालं. सुनेत्राने खुर्ची आणखी घट्ट धरली. आपलंच वाचण्यात काही चुकलं की काय?

तिसऱ्या तुळईवर काठी पडली आणि आवाज बसका आला. काकांनी पुन्हा मारून पाहिलं. मग खिशातून पेन्सिली तासायचा छोटा चाकू काढला, पातं रंगावर टेकवलं आणि हळूच दाबलं. चाकू मुठीपर्यंत आत गेला, जणू केकमध्ये जावा तसा. बाहेर काढला तर ओला तपकिरी भुसा त्यांच्या बाहीवर सांडला. चौथ्या तुळईत तेच. पाचवीत तेच. त्यांनी चाकू मिटला आणि त्या तुळईवर नुसता हात ठेवून उभे राहिले.

"किती वर्षं पाणी झिरपतंय इथे," ते पुटपुटले. "आणि आम्ही वर टाळ्या वाजवतोय."

हॉलमध्ये परत आल्यावर ते खुर्चीत बसले नाहीत. "मी अठ्ठेचाळीस सालापासून लाकडात काम केलंय," ते म्हणाले. "हा स्टँड वाचवायला तुमच्या सह्या मीच घेतल्या. मी चुकलो. उद्या वर कोणी चढायचं नाही. जिन्याशी मी उभा असेन." मग अॅलिस्टरकडे पाहून म्हणाले, "आणि तुम्ही आत्ता कौन्सिलला फोन करा. आमच्या देखत." चेअरमननी मान खाली घातली. अॅलिस्टरने फोन केला.

शुक्रवार कसा गेला ते सुनेत्राला नंतर तुकड्या-तुकड्यांनीच आठवायचं. कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, माणूस सकाळीच येऊन वरचा मजला बंद करून गेला. सहाशे लोकांना दुसरीकडे बसवायचं होतं. संगीत, झेंडे, कॅमेरे, आणि तिच्या अंगावर येणारी माणसं. पावणेसहाला सात-आठ धटिंगण, हातात बिअरचे ग्लास, दोरी ओलांडून जिन्याकडे निघाले. योएलकाकांनी काठी आडवी धरली. एकाने हसत ती बाजूला सारली. सुनेत्रा गर्दीतून धावली, पण ती पोचायच्या आत जिन्याशेजारी खुर्चीवर बसलेल्या एलिशेबाकाकू उठल्या, फ्रॉक सावरला आणि तिसऱ्या पायरीच्या बरोबर मध्ये बसकण मारली. हातातली पर्स मांडीवर ठेवली.

"जा ना," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मला तुडवून जा."

पंचाहत्तर वर्षांच्या बाईला उचलून बाजूला ठेवायची हिंमत कोणाची होणार? धटिंगण ओशाळले आणि मागे फिरले.

मॅच संपल्यावर माणसं ओसरली तेव्हा ती तिघं त्याच जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. सुनेत्राला आता राहवेना.

"काका, मला मंगळवारी कळलं होतं. बुधवारी तुम्ही दोघं वर बसला होतात. मी दिवसभर खिडकीतून बघत होते आणि गप्प राहिले."

योएलकाकांनी काठीने पायरीवरचा एक रिकामा ग्लास बाजूला सारला. काकूच म्हणाल्या, "बुधवारी मी यांना म्हटलं होतं, पाऊल टाकलं की खालून हलतंय. तर मला म्हणाले, कमिटीसारखी बोलू नकोस."

"म्हणालो," काका म्हणाले. त्यांनी तिला माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि तिनेही तसं विचारलं नाही.

सोमवारी कामगारांनी वरच्या मजल्याच्या फळ्या उचकटल्या, तेव्हा दोन तुळयांची टोकं भिंतीतल्या आधारापासून सुटलेली सापडली. कौन्सिलच्या अधिकाऱ्याने अॅलिस्टरला तासभर फैलावर घेतलं. तरी त्याच आठवड्यात सुनेत्राच्या टेबलावर तिच्याच नावाचं पत्र आलं : सभेत मंजूर मजकुराबाहेरचं बोलल्याबद्दल लेखी ताकीद. तिने ते वाचलं आणि खाली सही केली. नोकरी राहिली. अॅलिस्टर मात्र पानगळीच्या आधीच दुसरी संधी मिळाल्याचं सांगून निघून गेला.

सप्टेंबरच्या सभेत स्टँड पाडायचा ठराव पुन्हा आला. पहिला हात योएलकाकांनी वर केला, आणि वर करताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. पाडकामाच्या दिवशी ते आले नाहीत. सुनेत्रा दिवसभर खिडकीशी उभी होती. यंत्राचा जबडा वरच्या रांगा एकेक करून उचलत होता आणि धुळीने तिची काच पांढरी झाली.

पुढच्या एप्रिलमध्ये पहिल्या मॅचला तिथे लोखंडी सांगाडा आणि प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. योएलकाका तिच्या खिडकीशी आले.

"तिकडे वारा फार लागतो गं," ते म्हणाले. "एलिशेबाला सोसत नाही. पॅव्हिलियनच्या बाजूला दोन जागा मिळतील?"

तिने नकाशा त्यांच्यासमोर पसरला आणि दोघं वाकून जागा शोधू लागले.